चुलीचा निर्णय कोणाचा?

नव्या घरात पाऊल ठेवल्यावर मराठी गृहिणी शेगडीला हळदीकुंकू वाहते, तिच्यावर दुधाचे भांडे ठेवते आणि दूध उतू जाईपर्यंत घरातील सारी मंडळी भोवती उभी राहतात. चूल पेटली की घर झाले, अशी आपल्याकडील पिढ्यान्‌पिढ्यांची धारणा आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात, सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरात स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही सातासमुद्रापार हा विधी करतात. त्याच परिसरातील बर्कली या नगराने २०१९ साली एक निर्णय घेतला. यापुढे बांधल्या जाणाऱ्या इमारतींमध्ये नैसर्गिक वायूची नळी घालू द्यायची नाही, असा तो निर्णय होता. अमेरिकेत अशा स्वरूपाचा नियम करणारे हे पहिलेच नगर. त्या नियमाचे पुढे काय झाले, ही कथा भारतातील नगरांनी, नगरसेवकांनी आणि घर घेऊ पाहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने समजून घ्यावी अशी आहे. कारण वरवर पाहता ती शेगडीची कथा दिसत असली, तरी तिच्या मुळाशी स्थानिक स्वराज्याचा प्रश्न आहे.

बर्कली हे सुमारे सव्वा लाख वस्तीचे विद्यापीठाचे गाव. नगराच्या हद्दीतून होणारे प्रदूषण २०५० पर्यंत ८० टक्क्यांनी कमी करावे, असा कौल तेथील मतदारांनी २००६ मध्येच दिला होता. तो कौल प्रत्यक्षात आणायचा तर काय करावे, याचा हिशेब मांडल्यावर असे दिसले की, नगराच्या एकूण उत्सर्जनापैकी एक चतुर्थांशाहून अधिक भाग इमारतींत जाळल्या जाणाऱ्या नैसर्गिक वायूचा आहे. हा वायू मुख्यत्वे स्वयंपाकासाठी जळत नाही. थंडीत घरे उबदार ठेवणे आणि पाणी तापवणे, यांसाठीच तो सर्वाधिक लागतो. १६ जुलै २०१९ रोजी नगरपरिषदेने एकमताने नियम संमत केला आणि १ जानेवारी २०२० पासून तो अमलात आला. जुन्या घरांना त्याने हात लावला नाही. कोणाच्या स्वयंपाकघरातील शेगडी काढून नेली नाही. जे अद्याप बांधलेच गेलेले नाही, तेथे वायुवाहिनी नको, एवढेच त्याचे म्हणणे होते. लोकहितासाठी आवश्यक असेल तेथे सवलत देण्याची तरतूदही त्यात होती.

नव्या इमारतींवरच भर देण्यामागे निश्चित विचार होता. इमारत एकदा उभी राहिली की पन्नास-साठ वर्षे टिकते. तिच्या भिंतींत आज जी नळी बसेल, तिचा वापर नातवंडांच्या काळातही चालू राहील. नंतर ती काढायची म्हटली तर भिंती फोडाव्या लागतात, विजेची जोडणी बदलावी लागते आणि खर्च अनेक पटींनी वाढतो. आरंभीच विजेवर चालणारी व्यवस्था केली तर हा दुहेरी खर्च टळतो. शिवाय हीट पंप नावाचे यंत्र आता उपलब्ध आहे. ते उष्णता निर्माण करत नाही, बाहेरच्या हवेतील उष्णता खेचून आत आणते. त्यामुळे एक एकक विजेत दोन ते तीन एकक उष्णता मिळते. कोणतीही भट्टी, ती कितीही उत्तम असली, तरी जाळलेल्या इंधनाहून अधिक उष्णता देऊ शकत नाही.

सुरक्षेचाही प्रश्न होता. ९ सप्टेंबर २०१० रोजी याच उपसागराच्या काठावरील सॅन ब्रुनो येथे जमिनीखालील वायुवाहिनीचा स्फोट झाला. आठ माणसे दगावली, ३८ घरे बेचिराख झाली. तो भाग भूकंपप्रवण आहे, ही चिंता वेगळीच. शेगडीच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि बंदिस्त स्वयंपाकघरात तो फुप्फुसांना त्रासदायक ठरतो, हेही आता सर्वमान्य आहे. नैसर्गिक वायूचा मुख्य घटक मिथेन. तो न जळता गळतीतून हवेत मिसळला, तर वीस वर्षांच्या काळात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशी पटींहून अधिक तापमानवाढ घडवतो. ‘स्वच्छ इंधन’ म्हणून ज्याची ख्याती, त्याची ही दुसरी बाजू आहे.

बर्कलीचे अनुकरण वेगाने झाले. कॅलिफोर्नियातील सत्तरहून अधिक नगरांनी आणि परगण्यांनी कमी-अधिक कडक असे नियम केले. न्यूयॉर्क महानगराने २०२१ च्या अखेरीस स्वतःचा कायदा केला. विरोधही तितक्याच वेगाने संघटित झाला. ॲरिझोना राज्याने २०२० मध्ये कायदा करून आपल्या नगरांचा असा नियम करण्याचा अधिकारच काढून घेतला आणि पाहता पाहता वीसहून अधिक राज्यांनी तोच मार्ग धरला. मॅसॅच्युसेट्स राज्यातील ब्रुकलाइन या गावाने २०१९ च्या अखेरीस ग्रामसभेत प्रचंड बहुमताने असाच उपविधी संमत केला होता. गावाला असा अधिकार नाही, असे सांगून राज्याच्या महाधिवक्त्यांनी २०२० मध्ये तो रद्द ठरवला.

बर्कलीच्या विरोधात कॅलिफोर्नियातील उपाहारगृहांची संघटना न्यायालयात गेली. तिचे म्हणणे सर्वस्वी टाकाऊ नव्हते. उघड्या ज्योतीवर स्वयंपाक करणारे अनेक समाज तेथे आहेत. चिनी आचाऱ्याच्या कढईला भडकती आच लागते, तर भारतीय गृहिणीला फुलका फुगवण्यासाठी आणि भरताचे वांगे भाजण्यासाठी ज्योत हवी असते. शतकानुशतकांचे पाककौशल्य नगरपरिषदेच्या एका ठरावाने मोडीत काढावे काय, ही भावना स्वाभाविक होती. तथापि न्यायालयात हा मुद्दा गौण ठरला आणि वाद अधिकारकक्षेचा झाला.

१९७३ च्या अरब तेलबंदीनंतर अमेरिकेने १९७५ साली ऊर्जा धोरण व संवर्धनाचा केंद्रीय कायदा केला. पुढे झालेल्या सुधारणांनंतर त्यात अशी तरतूद आली की, ज्या उपकरणांचे ऊर्जामान केंद्र सरकार ठरवते, त्यांच्या ऊर्जावापराविषयी राज्यांनी वा नगरांनी स्वतंत्र नियम करू नयेत. नगराचा युक्तिवाद असा की, आपण उपकरणांविषयी काहीच म्हटलेले नाही, केवळ इमारतीतील नळ्यांविषयी बोलत आहोत. खालच्या न्यायालयाने २०२१ मध्ये तो मान्य केला. मात्र १७ एप्रिल २०२३ रोजी नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी तो फेटाळला. नळीच नसेल तर वायूची शेगडी वापरता येणार नाही, म्हणजे तिचा ऊर्जावापर शून्यावर आणला गेला. तेव्हा हे उपकरणाचेच नियमन आहे, असा त्यांचा निष्कर्ष. जानेवारी २०२४ मध्ये मोठ्या पीठापुढे फेरसुनावणी नाकारली गेली. अनेक न्यायाधीशांनी त्या वेळी विस्तृत असहमती नोंदवली. मार्च २०२४ मध्ये बर्कलीने माघार घेऊन नियम मागे घेण्याचे मान्य केले.

कथा येथेच संपती, तर तिचे तात्पर्य ‘केंद्राने नगराचा गळा आवळला’ एवढेच निघाले असते. परंतु त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये आणखी एक घटना घडली. मोठ्या इमारतींत जळणाऱ्या वायूवर कर बसवावा, असा प्रस्ताव बर्कलीच्या मतदारांपुढे आला. नियमाची वाट बंद झाली तर कराची वाट धरावी, असा त्यामागील विचार होता. पर्यावरणाचे माहेरघर म्हणवणाऱ्या या नगरातील मतदारांनी तो मोठ्या बहुमताने फेटाळला. पुढील वर्षी, मार्च २०२५ मध्ये, देशाच्या दुसऱ्या टोकाला न्यूयॉर्कच्या केंद्रीय जिल्हा न्यायालयाने तेथील महानगराचा कायदा वैध ठरवला. १९७५ चा केंद्रीय कायदा एकच, आणि पश्चिम किनाऱ्यावर त्याचा अर्थ एक तर पूर्व किनाऱ्यावर दुसरा, अशी अवस्था निर्माण झाली. न्यूयॉर्क राज्याने नव्या इमारतींसाठी २०२३ मध्ये केलेला स्वतंत्र कायदाही जिल्हा न्यायालयात टिकला, परंतु त्याची अंमलबजावणी सुरू होण्यापूर्वीच, नोव्हेंबर २०२५ मध्ये, अपिलाच्या निर्णयापर्यंत ती पुढे ढकलण्याचे राज्याने मान्य केले.

या साऱ्या घटनाक्रमातून पहिला प्रश्न उभा राहतो तो अधिकाराचा. आपल्या गावात इमारती कशा बांधाव्यात, हे गावाने ठरवायचे की शेकडो कोसांवरील राजधानीने? भारतीय परंपरेला हा प्रश्न नवा नाही. तमिळनाडूतील उत्तरमेरूर येथील दहाव्या शतकातील चोळकालीन शिलालेख आजही वाचता येतात. तलावाची देखरेख करणारी समिती वेगळी, बागायतीची वेगळी, सभासद कोण होऊ शकतो आणि कोण नाही याचे नियम सुस्पष्ट, आणि निवड कुंभातील चिठ्ठ्यांद्वारे. राजा चक्रवर्ती असला तरी गावच्या तळ्याचा कारभार गावाने पाहायचा, ही त्या व्यवस्थेची रीत होती. पाणी, वन, गायरान आणि इंधन यांचा हिशेब जेथे ती वस्तू वापरली जाते तेथेच उत्तम ठेवता येतो, हे शहाणपण तिच्यामागे होते.

स्वतंत्र भारताला हे शहाणपण पुन्हा घटनेत आणण्यास दीर्घकाळ लागला. १९९२ मध्ये संमत झालेली ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली आणि बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी १८ विषय नमूद झाले. जमिनीच्या वापराचे व इमारतींच्या बांधकामाचे नियमन त्यांत आहे, पर्यावरणाचे रक्षणही आहे. कागदावर पाहता भारतीय नगरांचा पाया बर्कलीहून भक्कम वाटावा. प्रत्यक्षात हे विषय नगरांना सोपवावेत की नाही, हे राज्याच्या विधिमंडळाच्या इच्छेवर सोडलेले आहे. महाराष्ट्रात मुंबईसारखे अपवाद वगळता बहुतेक नगरांसाठी डिसेंबर २०२० पासून एकच एकीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. एकसूत्रतेचे लाभ नाकारता येणार नाहीत. नियमांच्या जंगलात वाट काढणाऱ्या सामान्य माणसाला तिने दिलासाच दिला. परंतु विदर्भातील ४५ अंशांच्या उन्हात होरपळणारे नगर आणि कोकणातील धुवाधार पावसाचे नगर यांच्या गरजा एक नाहीत. नियमावलीचा सांगाडा समान ठेवून त्यात स्थानिक हवामानानुसार भर घालण्याची मोकळीक नगरांना मिळाली पाहिजे.

दुसरा प्रश्न अनुकरणाचा आहे. बर्कलीचा नियम जसाच्या तसा उचलून पुणे, नाशिक वा नागपूर येथे लावावा, असे सुचवणारे शहाणे येथेही निघतील. त्यांनी आधी दोन देशांचा हिशेब मांडावा. अमेरिकेत दरडोई वार्षिक कार्बन उत्सर्जन सुमारे १४ टन, भारतात सुमारे २ टन. तेथे वायूची शेगडी जाऊन विजेची यायची आहे. येथे कोट्यवधी घरांत लाकूड आणि गोवऱ्या जाऊन गॅसची शेगडी आली, ती कालपरवा. १ मे २०१६ रोजी बलिया येथून सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने दहा कोटींहून अधिक कुटुंबांत सिलिंडर पोहोचवला. धुराने डोळे चुरचुरत, खोकत स्वयंपाक करणाऱ्या मातेसाठी ती निळी ज्योत आरोग्याची देणगी ठरली. जीवाश्म इंधन म्हणून तिची हेटाळणी करण्याचा अधिकार शंभर वर्षे वायूवर घरे उबदार ठेवणाऱ्यांना नाही. २०२१ च्या ग्लासगो परिषदेत कोळशाचा वापर ‘संपवण्या’ऐवजी ‘क्रमशः घटवण्या’चा शब्द भारताने धरला, तेव्हा पाश्चात्त्य माध्यमांनी नाके मुरडली. बर्कलीसारख्या सधन नगरालाही आपल्याच घरातील वायू बंद करणे किती अवघड जाते, हे आता त्यांनाही उमजले असावे.

आणखी एक भेद महत्त्वाचा. कॅलिफोर्नियाच्या विजेत सूर्य, वारा, पाणी आणि अणुऊर्जा यांचा वाटा मोठा आहे. भारतातील सुमारे तीन चतुर्थांश वीज आजही कोळशापासून बनते. पुण्यातील सदनिकेत विजेची शेगडी लावली म्हणून धूर नाहीसा होत नाही. त्यातील बराचसा चंद्रपूर वा कोराडीच्या आकाशात जातो. तेथील लोकही आपलेच आहेत. वीज स्वच्छ होत जाईल तसा हा हिशेब बदलेल, आणि तो बदलतही आहे. परंतु क्रम उलटा करून चालणार नाही.

याचा अर्थ स्वस्थ बसावे असा मात्र होत नाही. पाश्चात्त्यांच्या दुटप्पीपणावर बोट ठेवणे सोपे असते. त्या समाधानात आपल्या कर्तव्याचा विसर पडण्याचा धोका मोठा. भारताला लागणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी निम्म्याहून अधिक गॅस आयात होतो आणि त्याचा मोठा भाग परंपरेने आखाती देशांतून येत आला आहे. सामुद्रधुनीत युद्धनौका हलल्या की भारतीय गृहिणीच्या ओट्यावर त्याचे सावट पडते. ज्या देशाची चूल परक्या बंदरावर अवलंबून, त्याच्या स्वावलंबनाच्या गोष्टींना अर्थ किती उरतो? नगरोनगरी नव्या इमारतींची जंगले उभी राहत आहेत आणि बर्कलीचा मुख्य धडा येथेच लागू पडतो. जे अजून बांधले गेलेले नाही, तेथे योग्य निर्णय घेणे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी क्लेशाचे असते.

तो निर्णय बंदीचाच असला पाहिजे असे नाही. नव्या इमारतीत स्वयंपाकघराला विजेच्या शेगडीचा भार पेलेल अशी तारजोडणी आरंभीच असावी, म्हणजे पुढे कुटुंबाला निवड करता येईल. गच्चीचा पुरेसा भाग सौर संचासाठी मोकळा राखावा. मोबाइलचे मनोरे आणि जाहिरातींचे फलक यांची सोय नंतर पाहता येईल. स्नानगृहात गॅसचे गीझर बसवू देताना हवा खेळती राहील याची काटेकोर तपासणी व्हावी. त्यातून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडने हसतीखेळती माणसे गुदमरून गेल्याच्या बातम्या हिवाळ्यात महाराष्ट्राला नव्या नाहीत. ज्या देशात वर्षातील बहुतांश दिवस ऊन असते, तेथे अंघोळीच्या पाण्यासाठी सूर्याऐवजी सिलिंडर जाळावा लागणे हे नियोजनाचे अपयश आहे. पश्चिमेची खिडकी, छज्जा, जाड भिंत आणि अंगणातील झाड यांचे शास्त्र आपल्या वाड्यांना ठाऊक होते. काचेच्या पेट्यांप्रमाणे दिसणाऱ्या आजच्या इमारती आधी उन्हाने तापतात आणि मग ती उष्णता बाहेर टाकण्यासाठी वीज पितात.

नियम केवळ कागदावर असून भागत नाही, याचाही अनुभव जवळचाच आहे. नव्या इमारतींवर सौर बंब बसवण्याची अट महाराष्ट्रातील नगरांनी पूर्वीच घातली, काहींनी मालमत्ता करात सवलतही देऊ केली. अनेक ठिकाणी भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंत बंब चकचकीत असतो. दोन वर्षांत नळी गळू लागते, सोसायटीच्या सभेत दुरुस्तीच्या खर्चावरून वाद होतो आणि तिसऱ्या वर्षी त्यावर कबुतरे बसतात. बिल्डरने अट पाळली, पालिकेने शिक्का मारला, रहिवाशांनी मात्र ती गोष्ट कधी आपली मानलीच नाही.

मुंबईत जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड व कोळशावरील भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर नेण्याचा आदेश दिला. हवेच्या दृष्टीने आदेशाची आवश्यकता निर्विवाद आहे. परंतु पिढीजात पावाच्या भट्टीवर पोट असणाऱ्याला पर्यायी भट्टीसाठी कर्ज कोण देणार, जागा कोठून मिळणार आणि पावाची किंमत वाढली तर वडापाववर दिवस काढणाऱ्या श्रमिकाचे काय, हे प्रश्न महापालिकेने आधी हाती घ्यायचे असतात. ते वर्षानुवर्षे पडून राहिले म्हणून न्यायालयाला लेखणी उचलावी लागली. स्थानिक संस्था निर्णय घेत नाहीत, तेव्हा निर्णय दुसरीकडे होतात. अधिकार मागणाऱ्या नगरांनी असलेला अधिकार वापरण्याचीही तयारी दाखवली पाहिजे.

बर्कलीच्या नगरपरिषदेने एकमताने नियम केला, परंतु पाच वर्षांनी त्याच नगरातील मतदारांनी वायूवरील कराला नकार दिला. सभागृहातील एकमत आणि घराघरांतील संमती यांत अंतर राहते, तेव्हा असेच घडते. ते अंतर भरून काढण्याचे काम कायदा करू शकत नाही. त्यासाठी माणसांनी माणसांकडे जावे लागते, सोसायटीच्या सभेत बसावे लागते, शेजारणीला विजेच्या शेगडीवरील पोळी करून दाखवावी लागते आणि फुलक्यासाठी ज्योत हवी म्हणणाऱ्या आजींचे म्हणणेही आदराने ऐकावे लागते. लोकशिक्षणाचे हे काम मंद आहे. त्याचे श्रेय कोणाच्या नावावर लागत नाही आणि त्याचे छायाचित्र वृत्तपत्रात येत नाही. समाजात राहून समाजासाठी काम करणाऱ्यांना मात्र ते अपरिचित नाही.

गृहप्रवेशाच्या दिवशी उद्याच्या घरातही दूध उतू जाईल. ते निळ्या ज्योतीवर जाईल की गच्चीवरील उन्हाने चाललेल्या शेगडीवर, याचा निर्णय त्या घराचा आराखडा मंजूर होतानाच बऱ्याच अंशी झालेला असेल. महाराष्ट्रातील नगरांमध्ये असे आराखडे रोज मंजूर होत आहेत. ज्यांना त्या घरांत पुढील पन्नास वर्षे राहायचे आहे, त्यांनी तो कागद एकदा तरी मागून पाहावा.